फिटची गोळी आणि पावसाळ्यातली ओल



फिट येणारा माणूस आपल्या वस्तीला नवा नाही. कुणी त्याला मिरगी म्हणते, कुणी फेफरे म्हणते, डॉक्टर अपस्मार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य औषध नियमित मिळाले तर त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात, असेही ही संघटना सांगते. म्हणजे हा शाप नाही, मागच्या जन्माचे पाप नाही आणि कुणाची करणीही नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेचे बारीक इशारे देत असतात. ते इशारे अचानक एकदम आणि बेताल सुटले की फिट येते.

औषध चालू असलेल्या घरांत एक तक्रार मात्र वारंवार ऐकू येते. “गोळी रोज घेतो, एकही चुकवत नाही, तरी फिट आली.” याची कारणे अनेक असू शकतात. झोप अपुरी झाली, ताप आला, दारू घेतली, दुसरे एखादे औषध सुरू झाले किंवा गोळीची मात्रा कमी पडू लागली. पण एक कारण असे आहे की त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ते म्हणजे गोळीला लागलेली ओल. ही गोष्ट सगळ्याच गोळ्यांना सारखी लागू नाही. फिटवर फार वापरल्या जाणाऱ्या एका औषधाला ती विशेष लागू आहे. त्या औषधाचे नाव कार्बामाझेपिन. आपल्या घरात फिटची गोळी चालू असेल तर पाकिटावरचे बारीक अक्षर वाचून किंवा मुलांकडून वाचून घेऊन हे नाव आहे का ते आधी पाहा.

ओल लागल्याने गोळीचे काय बिघडते? हे समजून घ्यायचे तर गोळीच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी जावे लागेल. हा भाग थोडा विज्ञानाचा आहे, पण अवघड नाही.

गोळीच्या आत काय असते?

कार्बामाझेपिन हे औषध स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत वाल्टर शिंडलर या रसायनशास्त्रज्ञाने 1953 साली तयार केले. 1960 नंतरच्या दशकात ते आधी चेहऱ्याच्या शिरेच्या असह्य कळेवर आणि मग फिटवर वापरात आले. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे.

त्याचा एक रेणू म्हणजे फक्त 30 अणूंची जुळणी आहे : कार्बनचे 15, हायड्रोजनचे 12, नायट्रोजनचे 2 आणि ऑक्सिजनचा 1. तीन कडी शेजारी शेजारी जोडलेली आणि मध्ये वाकलेली, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखी. मधल्या कड्याला एक छोटा गट चिकटलेला असतो. त्या गटात कार्बनच्या एका बाजूला ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूला नायट्रोजन असतो. अशा जोडणीला अमाइड म्हणतात. हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. शेतात टाकतो तो युरिया अमाइडच आहे. तापावरची पॅरासिटॅमॉलही अमाइड आहे. आपण खातो त्या डाळीतली आणि अंड्यातली प्रथिने अशाच जोडणीने बांधलेली असतात.

या अमाइड गटाला एक गुण असतो. त्याच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. कार्बामाझेपिनचे दोन रेणू समोरासमोर येतात. पहिल्याचा हायड्रोजन दुसऱ्याचा ऑक्सिजन धरतो आणि दुसऱ्याचा हायड्रोजन पहिल्याचा ऑक्सिजन धरतो. दोन माणसांनी समोरासमोर उभे राहून दोन्ही हात धरावेत, तशी ही जोडी. मग अशा लाखो-कोटी जोड्या एकमेकींशेजारी, एकमेकींवर शिस्तीत रचल्या जातात. या शिस्तबद्ध रचनेला स्फटिक म्हणतात. मीठ, साखर, खडीसाखर, तुरटी हे सगळे स्फटिकच. गोळीतले औषधही बारीक स्फटिकांच्या भुकटीच्या रूपात असते.

विटा त्याच, रचाई वेगळी

आपल्यातले कितीतरी भाऊ गवंडीकाम करतात. त्यांना सांगायला नको की एकाच भट्टीतल्या विटा आडव्या लावल्या तर एक भिंत होते, उभ्या लावल्या तर दुसरी, आणि जाळी सोडून लावल्या तर तिसरीच. वीट बदललेली नसते, पण भिंतीची ताकद बदलते. रेणूंचेही तसेच आहे. पेन्सिलीतले शिसे आणि हिरा, दोन्ही कार्बनचेच. एक बोटाला काळे लावतो, दुसरा काच कापतो. फरक फक्त अणूंच्या रचनेचा.

कार्बामाझेपिनच्या जोड्याही एकाच पद्धतीने रचल्या जात नाहीत. शास्त्रज्ञांना आतापर्यंत त्याच्या शुद्ध स्फटिकाचे निदान पाच प्रकार सापडले आहेत. पहिल्या चार प्रकारांत दोन-दोन रेणूंच्या त्याच जोड्या आहेत, फक्त त्या रचण्याची तऱ्हा निराळी. पाचवा प्रकार 2011 साली जाहीर झाला. त्यात जोड्या नाहीत. एकामागे एक हात धरलेल्या माणसांसारखी रेणूंची साखळी आहे. असा प्रकार असू शकतो हे संगणकाने आधीच वर्तवले होते. प्रत्यक्ष स्फटिक नंतर मिळाला.

हे इतके बारीक दिसते कसे? स्फटिकावर क्ष-किरण सोडतात. आतल्या अणूंच्या रांगांवरून ते ठरावीक दिशांना वळतात आणि ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून गणिताने प्रत्येक अणूची जागा काढता येते. ही वाट जर्मनीत माक्स फोन लाउए यांनी 1912 साली दाखवली आणि इंग्लंडमध्ये ब्रॅग पिता-पुत्रांनी पुढे नेली. त्याच रीतीने कार्बामाझेपिनच्या तिसऱ्या प्रकाराची रचना 1981 साली प्रसिद्ध झाली. खोलीच्या तापमानाला हाच प्रकार कोरड्या स्थितीत सर्वांत स्थिर राहतो, म्हणून गोळ्यांसाठी तोच वापरतात.

पाणी आत शिरते तेव्हा

आता मुद्द्याची गोष्ट. वर सांगितलेल्या पाच प्रकारांत पाणी नसते. पण कार्बामाझेपिनची आणखी एक रचना आहे, तिच्यात औषधाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात. हात धरलेल्या जोड्या तशाच राहतात, पण त्यांच्यामधल्या जागेत पाणी रांग करून बसते आणि जोड्यांना नव्या पद्धतीने बांधून टाकते. हे पाणी वरवरचे ओलेपण नसते. ते स्फटिकाचा भाग होऊन जाते. वजनाने पाहिले तर अशा स्फटिकाचा सुमारे 13 टक्के भाग पाणीच असतो. गोळी हाताला कोरडी लागते, पण आतली रचना बदललेली असते.

याने दोन गोष्टी होतात.

पहिली : हे नवे स्फटिक सुयांसारखे लांबट वाढतात आणि एकमेकांत गुंततात. गोळी घट्ट होते. सिमेंटचे पोते पावसाळ्यात उघड्यावर राहिले की काय होते, ते आठवा. पाणी धरून आतले सिमेंट दगड होते. पोते तेच, वजनही कमी झालेले नाही, पण त्याने आता वीट जोडता येणार नाही. ओल लागलेल्या या गोळीचेही तसेच काहीसे होते. पोटात गेल्यावर जी फुटायला हवी, ती लवकर फुटत नाही.

दुसरी : पाणी बांधलेला स्फटिक पाण्यात कमी विरघळतो. हे ऐकायला उलटे वाटते, पण कारण सोपे आहे. पाण्याच्या सान्निध्यात हीच रचना सर्वांत स्थिर असते. रचना जितकी स्थिर, तितका तिच्यातला रेणू जागा सोडायला नाखूश. आणि रेणू सुटून विरघळल्याशिवाय आतड्यातून रक्तात जात नाही. रक्तात गेला नाही तर मेंदूपर्यंत पोचत नाही. मग गोळी पोटात गेली तरी औषध पूर्ण मिळाले असे म्हणता येत नाही.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1990 साली इशारा दिला होता की दमट जागी ठेवलेल्या कार्बामाझेपिनच्या गोळ्यांचा एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त गुण जाऊ शकतो. न्हाणीघरातल्या कपाटात गोळ्या ठेवू नका, असे तेव्हापासून तिकडे सांगतात. 1992 साली तिथेच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुण येत नाही अशा तक्रारींनंतर बाजारातून परत घेतलेल्या काही गोळ्या निरोगी माणसांना देऊन रक्त तपासले. सगळ्या गोळ्यांवर औषधाचे नाव तेच, मात्राही तीच. पण त्या विरघळण्यात मोठा फरक निघाला आणि रक्तात पोचलेले औषधही कमी-जास्त भरले. कमी पोचले तर फिट येते. जास्त पोचले तर चक्कर येते, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसते, तोल जातो.

रचना बदलली की औषध बदलते, याचे दुसरे उदाहरण एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिर औषधाचे. ते 1996 साली बाजारात आले. 1998 साली त्याच्या कॅप्सूलमध्ये अचानक एक नवा, कमी विरघळणारा स्फटिक तयार होऊ लागला. कॅप्सूल परत घ्याव्या लागल्या आणि औषध नव्या रूपात बनवावे लागले. रेणूत एका अणूचाही फरक नव्हता.

आपल्या घरात ओल कुठून येते?

पाश्चात्त्य देशांत न्हाणीघराचे कपाट वेगळे असते. आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत मोरी, शेगडी, पाण्याचे पिंप आणि झोपायची जागा एकत्रच असतात. जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात, पत्रा गळतो, कपडे घरातच वाळत घालावे लागतात. भात शिजताना वाफ सगळीकडे भरते. अशा घरात मोरीच्या वरच्या मांडणीवर ठेवलेली गोळी चार महिने ओल पीत असते. हा कुणाच्या निष्काळजीपणाचा दोष नाही, आपल्या घरांची स्थितीच तशी आहे. म्हणून आपल्याला जास्त जपावे लागते. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. गोळी खायच्या वेळीच पाकिटातून काढावी. आठवडाभराच्या गोळ्या आधीच सोलून प्लास्टिकच्या डबीत किंवा कागदाच्या पुडीत ठेवू नयेत. पाकिटाचा पत्रा हेच गोळीचे छप्पर आहे.

2. पाकीट कापून घेतले असेल तर कात्री गोळीच्या घराला लागलेली नाही ना, हे दुकानातच पाहावे. फाटलेले पाकीट घेऊ नये.

3. पाकिटे घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावीत. डबा मोरी, शेगडी, पिंप आणि पाझरणारी भिंत यांच्यापासून दूर ठेवावा. अगदी पत्र्याखालीही नको, कारण उन्हाळ्यात तिथे फार तापते. फ्रीजमध्ये ठेवण्याची गरज नाही.

4. गोळ्या बाटलीत मिळाल्या असतील तर प्रत्येक वेळी झाकण घट्ट लावावे. आत ओल शोषणारी छोटी पुडी असेल तर ती फेकू नये आणि खाऊही नये. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

5. पावसाळ्यात तीन-चार महिन्यांचा साठा एकदम करू नये. जमेल तिथे महिन्यापुरतेच औषध आणावे. पण संपायच्या आधी आठवडाभर तरी आणून ठेवावे, म्हणजे खंड पडणार नाही.

6. घरात पाणी शिरून पाकिटे भिजली, तर उन्हात वाळवून वापरू नयेत. ती दवाखान्यात दाखवून नवीन मागून घ्यावीत. नवी मिळेपर्यंत गोळी बंद मात्र करू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

7. लहान मुलांना पातळ औषध चालू असेल तर प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवावी. औषध तळाशी बसते.

गोळी नुसती पाहून ती बिघडली की नाही हे ओळखता येत नाही. फार टणक झाली, रंग बदलला, पाकीट फुगले तर शंका घ्यावी. पण काहीच न दिसताही बिघाड असू शकतो. पाण्यात टाकून, दाताने फोडून घरी परीक्षा करू नये. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्याही असतात, त्यांच्या नावापुढे सीआर किंवा एसआर अशी अक्षरे असतात. त्या मुद्दामच सावकाश विरघळतात. त्या कुटू किंवा चावू नयेत.

डॉक्टरांना काय सांगायचे?

फिट पुन्हा आली तर औषध कुठे ठेवले होते, तेही डॉक्टरांना सांगा. ते रक्तातले औषधाचे प्रमाण तपासून घेऊ शकतात. “गोळीत दम नाही” म्हणून आपल्या मनाने एकाच्या दोन करू नका. पुढचे पाकीट कोरडे आणि चांगले निघाले तर तीच दुप्पट मात्रा अंगावर येईल. एकदम बंद करणे त्याहून धोक्याचे. त्याने लागोपाठ फिट येऊन जीव जाऊ शकतो.

स्वस्त जेनेरिक गोळी हलकी असते असा अर्थ यातून काढू नये. रेणू तोच असतो, आणि विरघळण्याची चाचणी जेनेरिकलाही पार करावी लागते. पण या औषधात एका कंपनीची गोळी नीट लागू पडली असेल तर शक्यतो तीच चालू ठेवावी आणि बदल झालाच तर डॉक्टरांना कळवावे. नवे पाकीट पहिल्यासारखे दिसले नाही तर विचारण्यात संकोच करू नये. विचारणे हा आपला हक्क आहे.

आणखी तीन गोष्टी माहीत हव्यात. गोळी नव्याने सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड आणि ताप आला तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. क्वचित ही प्रतिक्रिया गंभीर होते. टीबीची काही औषधे या गोळीचे रक्तातले प्रमाण कमी-जास्त करतात, म्हणून दोन्ही दवाखान्यांत दोन्ही औषधांची चिठ्ठी दाखवावी. आणि ही गोळी घेणाऱ्या भगिनींमध्ये गर्भनिरोधक गोळीचा गुण कमी होतो, तेव्हा दुसरा उपाय विचारून घ्यावा. दिवस राहण्याचा विचार असेल किंवा दिवस राहिले असतील, तरीही गोळी स्वतःहून न थांबवता लगेच डॉक्टरांना भेटावे.

फिट आलेली असताना करायचे ते एवढेच : माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवल्याने फिट थांबत नाही, ती आपली आपण थांबते. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

पाहा, तपासा, मग माना

तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकतो : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. फिटच्या बाबतीत हा उपदेश दोन्ही बाजूंनी लागू आहे. अंगारा, गंडा, भगत यांना तपासून पाहिले तर हाती काही लागत नाही. आणि गोळीलाही आंधळेपणाने मानायचे नाही. तिच्यात काय आहे, ती कशाने बिघडते, कशाने टिकते हे समजून घ्यायचे. कारणावाचून काही घडत नाही, हे प्रतीत्यसमुत्पादाचे सूत्र गोळीच्या आतल्या स्फटिकालाही चुकलेले नाही.

एक गोष्ट कायद्याची. आपली लग्ने ज्या हिंदू विवाह कायद्याखाली येतात, त्या 1955 च्या कायद्यात फिट येणे ही विवाहाला बाधा मानली होती. 1999 साली दुरुस्ती करून ती अट काढून टाकली. कायद्यातून डाग पुसला गेला, आता तो आपल्या मनातून पुसायचा आहे. फिट येणाऱ्या मुलीचे स्थळ लपवाछपवीने जुळवायचे नाही, आणि फिट येते म्हणून कुणाला नाकारायचेही नाही. आजार सांगून, औषध दाखवून, समजून-उमजून संसार उभे राहू शकतात.

आजारी भिक्खू घाणीत पडलेला पाहून भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतःच्या हातांनी धुतले होते. आपल्याला आज एवढे मोठे काम करायचे नाही. शेजारच्या घरात फिटची गोळी चालू असेल तर एक घट्ट झाकणाचा डबा आणि कोरडी जागा शोधून द्यायची आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा हा लेख एकाने वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या गोळीच्या पाकिटावरचे नावही तेव्हाच वाचून द्यावे.

भवतु सब्ब मंगलम्.